जीवब्रह्मैक्य आणि मराठवाडा

जीव आणि ब्रह्म एकच होत, हा अद्वैताचा सिद्धान्त मराठीत प्रथम विस्ताराने मांडला तो मुकुंदराजांनी. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. त्यांची समाधी लातूरलगतच्या आंबेजोगाईला दाखवितात. काही अभ्यासक विदर्भातील आंभोऱ्याचा पक्ष घेतात. तो वाद येथे नको. संस्कृतात कोंडलेला विचार त्यांनी लोकभाषेत आणला, हे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

हाच विचार इतर धर्मपरंपरांतही आढळतो. ‘अनल हक’, म्हणजे ‘मीच सत्य’, हा उद्गार ज्यांच्या नावे सांगितला जातो त्या सूफी मन्सूर अल् हल्लाज यांना बगदादला इ. स. ९२२ मध्ये देहदंड झाला. आपल्याकडे मात्र ‘अहं ब्रह्मास्मि’ म्हणणारा पूज्य ठरला. कारण त्या वाक्याने गावाची रचना हलत नव्हती, असे आम्हांस वाटते.

नांदेडला गोष्ट थोडी निराळी घडली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी देहावसानापूर्वी येथेच ग्रंथाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात नामदेव शिंप्यांची ६१ पदे असून कबीर विणकर आणि रविदास चर्मकार यांचीही वाणी आहे. सर्वांत एकच ज्योत आहे, या विचाराला तेथे लंगरच्या पंगतीची जोड मिळाली. शीख समाजातूनही जात गेली नाही हे खरे. परंतु तत्त्वाला आचाराचे एक साधन तरी लाभले.

अद्वैतात ते का लाभले नाही? शंकराचार्यांनी परमार्थ आणि व्यवहार अशा सत्याच्या दोन पातळ्या कल्पिल्या. ऐक्य परमार्थात राहिले, वर्ण व्यवहारात. ब्रह्मसूत्रभाष्याच्या अपशूद्राधिकरणात त्याच आचार्यांनी शूद्राला वेदाचा अधिकार नाकारला, वेद ऐकणाऱ्याच्या कानात तप्त रस ओतण्याचे वचनही आधारास घेतले. ही विसंगती नव्हे, व्यवस्थाच होय.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जीवाशिवाच्या ऐक्याची कीर्तने या मुलखाने शतकानुशतके ऐकली होती. नामांतर झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी आणि नामविस्ताराच्या रूपाने.

१९८७ मध्ये शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हाच प्रश्न विचारतात. सर्व माणसे ब्रह्माचेच अंश असतील तर लोकशाहीला याहून भक्कम पाया कोणता, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. मग या पायावर समतेची इमारत का उभी राहिली नाही? त्यांचे उत्तर असे की, ब्रह्माचा धर्म कधी झालाच नाही. ते दर्शनच राहिले.

तथागतांपुढे हा विषय दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात येतो. ब्रह्म्याशी मीलनाचा खरा मार्ग कोणता, यावर वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होता. तथागतांनी विचारले, तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी आत्म्याच्या ऐक्याची चर्चा केली नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा सर्व दिशांना, कोणालाही न वगळता पसरविणे, हाच मार्ग त्यांनी सांगितला. ते दोघे तरुण तेथेच उपासक झाले, असे सुत्त सांगते.