संविधानाचा पहिल्या वर्षाचा पेपर आपल्या तालुक्यातून वाचूया

संविधान दिनाला विहारात उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. ते संपले की अभ्यासवर्गात मी मुलामुलींना एक साधा प्रश्न विचारते : लोकसभेचा खासदार आपण निवडतो, मग राज्यसभेचा खासदार कोण निवडतो? कॉलेजात राज्यशास्त्र घेतलेली मुलेही बऱ्याचदा अडखळतात.

दोष मुलांचा नाही. भारतीय संविधान आणि केंद्र शासन हा विषय पुस्तकात दिल्लीचा वाटतो. म्हणून तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि निकालानंतर विसरला जातो. प्रत्यक्षात केंद्र सरकार आपल्या उसाच्या बिलात, उजनीच्या पाण्यात आणि जातीच्या दाखल्यात हजर असते. बारामती-इंदापूरच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहे.

संविधान सभा आणि आपले विद्यापीठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली संविधान सभेवर प्रथम निवडून गेले ते बंगाल प्रांतातून. फाळणीमुळे ती जागा गेली. त्यानंतर बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांतात रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. हेच जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. मूळ संविधानात ३९५ कलमे, २२ भाग आणि ८ अनुसूची होत्या. आज अनुसूची १२ आहेत.

लोकसभा आणि राज्यसभा

बारामती लोकसभा मतदारसंघात दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. लोकसभेचा खासदार मतदार थेट निवडतात. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि त्यासाठी मतदान करतात ते विधानसभेचे निवडून आलेले आमदार. म्हणजे आमदार निवडताना आपण नकळत राज्यसभाही घडवत असतो.

२०२४ मध्ये हा फरक आपण डोळ्यांनी पाहिला. लोकसभेला सुप्रिया सुळे निवडून आल्या. पराभूत झालेल्या सुनेत्रा पवार त्याच जून महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. असा मार्ग संविधानाला मान्य आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव झाला, त्यानंतर तेही राज्यसभेवरच गेले होते.

सरकार कोण चालवते

कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो, निर्णय पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ घेते. कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. लोकसभेने विश्वास काढून घेतला की सरकार जाते. सरकारची भूमिका पटत नसेल तर मंत्र्याने बाहेर पडावे, हा या पद्धतीचा संकेत. हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले, ते या संकेताचे मोठे उदाहरण आहे.

पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा दोन वेगळे प्रश्न निर्माण झाले. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोगाने ठरवले. आमदार अपात्र आहेत का, हे विधानसभा अध्यक्षांनी ठरवले. उत्तरपत्रिकेत या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

केंद्राचे काय, राज्याचे काय

सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. त्या पाठ करण्याऐवजी एका उसाच्या मोळीमागे चालत जा. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरवते. सहकारी कारखाना चालतो तो राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याने. बिल थकले तर कारवाईचे आदेश पुण्याचे साखर आयुक्त देतात आणि वसुली जिल्हाधिकारी करतात. तोच ऊस तोडणाऱ्या मजुराचे कल्याण हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. मजुराचे काम अडले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी अर्ज नेमका कुठे द्यायचा, हे कार्यकर्त्याला माहीत असावे लागते.

पाण्याचेही तसेच. उजनीच्या पाण्याचे नियोजन राज्याकडे आहे. पण भीमा पुढे कर्नाटकात जाते, त्यामुळे राज्याराज्यांतल्या वाटपाचा तंटा कलम २६२ खालच्या कायद्याने नेमलेल्या लवादाकडे जातो.

राखीव जागा आणि बौद्ध

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. नीरा नदी ओलांडली की फलटण आणि माळशिरस हे दोन्ही अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राज्यातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. पुणे जिल्ह्यात त्यांपैकी दोन : पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट.

लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांना मुदत असते. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत वाढवली आहे. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला (कलम १५(४) आणि १६(४)) संविधानात अशी मुदत नाही. 'बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिले होते' असे चावडीवर कोणी म्हणाले, तर शांतपणे हा फरक सांगा.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्ध नव्हते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाला त्याची झळ बसली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्यात समावेश झाला. आजही आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद आणि नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध' अशी दुसरी नोंद असली की जातवैधतेची फाईल अडते. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर पद जाते. म्हणून जुने दाखले आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे आत्ताच शोधा. निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

न्यायालयाचा दरवाजा

मूलभूत हक्कांसाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. पुणे जिल्ह्यासाठी उच्च न्यायालय मुंबईला आहे. सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे.

अभ्यास कसा करावा

गाईड बाजूला ठेवा आणि संविधानाची शासकीय मराठी प्रत घ्या. विहारात दर रविवारी एकच कलम वाचा आणि त्याला गावातले एक उदाहरण जोडा. वर्षातून एका ग्रामसभेला हजर राहा. एक माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा. बहिणींना आणि भावजयांनाही वर्गात बसवा. पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि कारभार मात्र नवऱ्याच्या हातात असे आपल्या वस्तीत तरी होऊ नये.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीचे नियम माहीत होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला. परीक्षेत या भाषणावर पाच गुणांची टीप येते. ती जरूर लिहा. पण ती विसंगती आपल्या गावात कुठे दिसते, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेत तोच विषय मांडा.

जय भीम.