वॉलरस-निरीक्षण, स्वालबार

आर्क्टिक महासागरातील स्वालबार या नॉर्वेच्या द्वीपसमूहात उन्हाळ्यात वॉलरसचे कळप किनाऱ्यावर विसाव्याला येतात. जहाजाने येणाऱ्या मोहिमांना ते तेथे पाहता येतात. प्रिन्स कार्ल्स फोरलँडवरील पूलेपिंटेन आणि नोर्डाउस्टलँडवरील टोरेलनेसेट ही त्यांची नेहमीची ठिकाणे.

हे दर्शन सहज मिळालेले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी ब्यॉर्नओया बेटावर इंग्रज शिकाऱ्यांनी सुरू केलेली कत्तल पुढे साडेतीनशे वर्षे चालली. सुळे, कातडे आणि चरबी यांसाठी कळपच्या कळप मारले गेले. १९५२ मध्ये कायद्याने संरक्षण मिळाले, तेव्हा येथे मोजकेच वॉलरस उरले होते. २००६ च्या हवाई पाहणीत संख्येचा अंदाज सुमारे २,६०० होता. २०१८ मध्ये तो ५,५०० वर गेला. शिकार थांबवण्याखेरीज माणसाने यासाठी फारसे काही केले नाही, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे.

वॉलरसची नजर बेताची, पण घ्राणशक्ती तीक्ष्ण. म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूने पाहणारे आपला घोळका न फुटू देता, थांबत थांबत पुढे सरकतात. त्यांची समुद्राकडची वाट कधीही अडवत नाहीत. एकामागून एक माना वर होऊ लागल्या की तेथेच थांबावे. कळप बिथरून पाण्याकडे धावला तर पिल्ले चिरडली जातात. पिल्लांसह माद्या प्रामुख्याने द्वीपसमूहाच्या ईशान्येस व पूर्वेकडील फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहाकडे असतात. पश्चिम किनाऱ्यावर बहुतांशी नरच दिसतात.

निवांत कळपात पाहण्यासारखे पुष्कळ असते. थंड पाण्यातून नुकताच वर आलेला नर फिकट, राखाडी दिसतो. ऊन लागून कातडीत रक्त परतले की तो गुलाबी-तांबूस होतो. जागेसाठी शेजाऱ्याला सुळ्याने ढोसणे अखंड चालू असते. पाण्यात उतरल्यावर ओठांवरच्या शेकडो राठ मिशांनी वॉलरस समुद्रतळाच्या गाळात शिंपले चाचपून शोधतो आणि जीभ दट्ट्यासारखी मागे ओढून आतले मांस शोषून घेतो. रिकामे शिंपले तळावरच राहतात.

पाण्यातला वॉलरस अधिक धीट. तरुण नर कुतूहलाने रबरी होड्यांजवळ येतात; सुळ्याने होडी फाटू शकते, त्यामुळे होडी सावकाश दूर नेतात. ८० अंश उत्तर अक्षांशावरील मोफेन बेटावर १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात उतरण्यास बंदी असून ३०० मीटरच्या आत जाता येत नाही.