बॉयलरची वंशावळ

रविवारी सकाळी कोल्हापुरात दोन रांगा लागतात. एक मटणाच्या दुकानापुढं आणि दुसरी चिकन सेंटरपुढं. मटणाच्या रांगेत बोलणं असतं ते दराचं आणि बोकडाचं. चिकनच्या रांगेत मात्र एक प्रश्न हमखास कानावर येतो. परवाही आला. माझ्या पुढं उभ्या असलेल्या मावशींनी दुकानदाराला विचारलं, "मामा, बॉयलर इंजेक्शनचं न्हाई न्हवं?" दुकानदार हसून म्हणाला, "सव्वा महिन्यात दोन किलो भरतंय मावशी. कशानं भरतंय, ते मला काय ठावं!"

बॉयलर हा आपला शब्द. मूळ शब्द ब्रॉयलर, म्हणजे विस्तवावर भाजण्याजोगं कोवळं कोंबडं. मावशींच्या शंकेला मी हसणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या परड्यात खुराडं होतं. दिवसभर उकिरडा उकरणारं पिल्लू किलो-सव्वा किलोचं व्हायला पाच-सहा महिने लागायचे. ज्यानं ते पाहिलंय, त्याला सव्वा महिन्यात दोन किलो ही करणीच वाटणार. मग मनात इंजेक्शन येतं, हार्मोन येतं. खरं कारण वेगळं आहे आणि त्याचा इतिहास इंजेक्शनच्या गोष्टीपेक्षा जास्त चकित करणारा आहे.

कोल्हापूर ही पैलवानांची नगरी. शरीर खुराकानं होतं की वंशानं, हा वाद इथं नवा नाही. कोंबड्यांच्या बाबतीत तो वाद अमेरिकेत चक्क तराजूवर तोलला गेला. १९५७ च्या सुमाराचा एक कळप तिथं निवड न करता, जसाच्या तसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवला होता. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या जुन्या वंशाची पिल्लं आणि २००१ मधली व्यापारी ब्रॉयलर पिल्लं एकाच वेळी वाढवली. दोन्ही वंशांतल्या काही पिल्लांना १९५७ च्या पद्धतीचं खाद्य दिलं, काहींना २००१ च्या पद्धतीचं. बेचाळीस दिवसांनी वजनं केली.

जुन्या वंशाचं पिल्लू जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम भरलं. त्याच वंशाला नवं खाद्य दिलं, तरी ५७८ ग्रॅमच. नव्या वंशाचं पिल्लू जुन्या खाद्यावरसुद्धा २ किलो १२६ ग्रॅम झालं आणि नव्या खाद्यावर २ किलो ६७२ ग्रॅम. म्हणजे खुराकानं थोडी भर घातली, पण खरी उडी वंशाची. वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक आनुवंशिक निवडीमुळं आहे, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्मोनचं म्हणाल, तर वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. ते खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं आणि टोचायचं तर पुनःपुन्हा टोचावं लागेल. हजारो पिल्लांच्या शेडमध्ये हे कोण करणार आणि कुणाला परवडणार?

आता हा वंश आला कुठून ते पाहू. शब्दांच्या वंशावळी चाळायची मला खोड आहे, म्हणून एका शब्दापासून सुरुवात करतो. आपल्या देशात झुंजीचा एक नामांकित कोंबडा आहे, असील. उंच, ताठ मानेचा, रुंद छातीचा. अरबीत असील म्हणजे खानदानी, शुद्ध कुळाचा. आपण मराठीत रोज 'अस्सल' म्हणतो, तोही त्याच मुळातून आलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे असील विलायतेला नेले. कॉर्नवॉल परगण्यात तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी त्यांचा संकर झाला आणि 'इंडियन गेम' नावाची जात तयार झाली. झुंजीत ती फारशी चमकली नाही, पण तिच्या छातीवर मांस भरपूर. तीच अमेरिकेत गेली. पुढं नावातला 'इंडियन' गळून पडला आणि नुसतं 'कॉर्निश' उरलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली. किराणा दुकानांची एक मोठी साखळी आणि सरकारचं शेती खातं यांनी मिळून ती भरवली. तोवर कोंबडी पाळायची ती मुख्यतः अंड्यांसाठी, मांस हे जोडउत्पन्न. स्पर्धकांनी अंडी पाठवायची, ती एकाच ठिकाणी उबवायची, पिल्लं सारख्याच खाद्यावर वाढवायची आणि शेवटी मांस मोजायचं. १९४८ ची अंतिम फेरी जिंकली कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी. त्यांचं पाखरू संकरित होतं, एका बाजूनं न्यू हॅम्पशायर आणि दुसऱ्या बाजूनं कॉर्निश. म्हणजे 'उद्याच्या कोंबडी'त आपल्या असीलचं रक्त होतं. १९५१ मध्येही तेच जिंकले.

आणखी एक धागा तर आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानापर्यंत येतो. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण बहुतेक व्यापारी कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला जो पिवळा रंग असतो, त्याचा जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलाय, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. हा राखाडी रानकोंबडा सह्याद्रीचा रहिवासी. पहाटे दाजीपूरच्या झाडीत त्याची बांग ऐकायला मिळते.

हा वंश परत आला तो पुण्याच्या वाटेनं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे देशातल्या कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र झालं. पुढं अमेरिकेतल्या कॉब कंपनीशी करार होऊन 'व्हेनकॉब' हे ब्रॉयलर आपल्या शेडमध्ये आलं. त्या कंपनीचं आजचं नाव कॉब-व्हँट्रेस. १९४८ ची स्पर्धा जिंकणाऱ्या व्हँट्रेस यांचंच नाव त्यात आहे. झुंजीसाठी गेलेला कोंबडा दीड-दोनशे वर्षांनी रश्श्यासाठी घरी आला!

वाढ ठरवणारा एकच जनुक नसतो. शेकडो जनुक थोडी थोडी भर घालतात. दर पिढीत सगळ्यांत भराभर वाढणारी पाखरं निवडायची आणि त्यांचीच पिल्लं घ्यायची. अमेरिकेत पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये एकाच जातीच्या पाखरांचे दोन कळप केले. एकात आठ आठवड्यांना सर्वांत जड असणारी पाखरं निवडत गेले, दुसऱ्यात सर्वांत हलकी. चाळीस पिढ्यांनंतर दोन्ही कळपांच्या वजनांत आठ पटींहून अधिक फरक पडला. कसलंही इंजेक्शन नाही, फक्त निवड. पण जड कळपातली पाखरं इतकी खादाड झाली, की त्यांचं खाणं मोजून द्यावं लागलं. हलक्या कळपातली काही पिल्लं अन्नाला तोंडच लावेनात आणि मरून गेली.

मंडळी, मला अस्वस्थ करतं ते इथं. आपण वजन निवडलं असं म्हणतो, पण त्याबरोबर भूकही निवडली गेली. ब्रॉयलरचे आईबाप पोटभर खाऊ दिले, तर बेसुमार फुगतात, आजारी पडतात, अंडी कमी देतात. म्हणून त्यांना मोजून-मापून खायला घालतात आणि ते बराच काळ भुकेले राहतात. पिल्लांचं मांस भराभर वाढतं, पण पाय आणि हृदय मागं पडतात. कुणी लंगडतं, कुणाच्या पोटात पाणी होतं. वंश सुधारणाऱ्या कंपन्या आता पायांच्या मजबुतीकडंही पाहून निवड करतात, तरी प्रश्न मिटलेला नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. ब्रॉयलर हे चार वेगवेगळ्या घराण्यांच्या संकराचं शेवटचं टोक. त्याची पिल्लं काढली, तर ती तशी निपजत नाहीत. आमच्या आईचं बियाणं खुराड्यातच होतं. एक कोंबडी खुडूक बसवली, की झालं. आजच्या शेतकऱ्याला दर खेपेला पिल्लं बाहेरूनच घ्यावी लागतात. करारावर शेड चालवणाऱ्याला कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते. शेड, वीज, पाणी आणि राबणूक त्याची, हातात येते ती किलोमागची मजुरी. असीलचा वंश आपल्या मातीतला, पण त्याची किल्ली आपल्या शेतकऱ्याच्या हातात नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या लहानपणी कोंबडी कापली जायची ती पाहुणा आला, तर किंवा जत्रेला. आज मजुरी करणाऱ्याच्या घरातही रविवारी चिकन शिजतं, ते या पाखरामुळंच. लेकराच्या ताटात प्रथिन येणं ही लहान गोष्ट नाही.

मावशींची शंका मात्र पूर्ण वाया जाऊ नये. हार्मोन नसलं, तरी कोंबड्यांना प्रतिजैविकं दिली जातात, कधी आजारावर आणि कधी नुसती वाढीसाठी. त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना आणि इतर जनावरांना देण्यावर केंद्र सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

माझा नंबर लागेपर्यंत यातलं थोडंफार मी मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी सावरली आणि विचारलं, "मग आता इचारू तरी काय?" मी म्हटलं, विक्रीच्या आधी किती दिवस औषध बंद केलं होतं, ते विचारा. त्यांनी लगेच दुकानदाराकडं वळून विचारलं. तो या खेपेला हसला नाही. म्हणाला, "पिल्लं कुठनं येत्यात, त्यांना फोन करून सांगतो, मावशी."