व्यवसायाचा व्हिडिओ करून घ्यायचाय? कंपनी निवडण्याआधी हे तपासा

यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात आणि दोन-चार राहुट्यांत फिरून चौकशी करतात. फडात कलाकार कोण, वग कोणता, तारीख मोकळी आहे का, पैसे किती, हे सगळं विचारून मगच सुपारी ठरते. व्यवसायासाठी व्हिडिओ कंपनी निवडतानाही अशीच चौकशी करावी लागते.

त्याच जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. समजा, इथल्या एका द्राक्ष बागायतदाराने कृषी पर्यटन सुरू केलं आणि त्याला जाहिरातीसाठी व्हिडिओ हवा आहे. बागेत घड तयार असतात ते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हाचं शूटिंग फसलं, तर पैसे जातातच, शिवाय पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. म्हणून कंपनीची चौकशी हंगामाच्या दोन-तीन महिने आधीच सुरू केलेली बरी.

व्हिडिओ कशासाठी हवा आहे?

कंपनीला फोन करण्याआधी या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. 'पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनी शनिवार-रविवारसाठी बुकिंग करावं' हे उत्तर चालेल. 'आपलं नाव व्हावं' एवढ्यावर कंपनीला काम करता येत नाही.

व्हिडिओ कुठे दिसणार, हेही आधीच ठरवा. रील आणि व्हॉट्सअॅप स्टेटससाठी उभी चौकट लागते, यूट्यूब आणि वेबसाइटसाठी आडवी. आडवं शूटिंग नंतर कापून उभं केलं, तर कडेची माणसं आणि अक्षरं बाहेर जातात. दोन्ही हवं असेल तर शूटिंगच्या आधीच सांगा.

मोठी कंपनी, लहान टीम की जवळचा स्टुडिओ?

एक-दोन रील हवे असतील तर स्वतः शूटिंग आणि एडिटिंग करणारा एकटा व्हिडिओग्राफर पुरेसा असतो. स्क्रिप्ट, निवेदन, मुलाखती आणि ड्रोन असं सगळं हवं असेल, तर टीम असलेली कंपनी बघा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जवळच्या स्टुडिओकडे कॅमेरे चांगले असतात, पण ऐन लग्नसराईत त्यांच्या तारखा मिळणं अवघड जातं. शिवाय लग्नात घडतं ते टिपायचं असतं, जाहिरातीत काय दाखवायचं ते आधी ठरवावं लागतं. त्यांनी व्यवसायाचं काम केलं आहे का, ते विचारा.

जुनं काम कसं पाहायचं?

बहुतेक कंपन्या शोरील पाठवतात. शोरील म्हणजे अनेक कामांमधले निवडक क्षण. त्यावरून कॅमेऱ्याचं काम कळतं, पण गोष्ट नीट सांगता येते का, ते कळत नाही. म्हणून तुमच्यासारख्या व्यवसायाचे दोन-तीन पूर्ण व्हिडिओ मागा.

ते एकदा आवाज बंद करून पाहा. फोनवर अनेक जण व्हिडिओ तसेच बघतात. व्यवसाय काय आहे आणि कुठे आहे, हे तरीही कळलं पाहिजे. मग डोळे मिटून नुसतं ऐका. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज येत असेल, बोलणं तुटक असेल, तर शेतातल्या शूटिंगला ही टीम अडचणीत येऊ शकते. शेवटी, त्यांच्या एखाद्या जुन्या ग्राहकाशी बोला. काम वेळेवर मिळालं का आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का, हे दोन प्रश्न पुरेत.

कोटेशनमध्ये काय लिहिलेलं हवं?

फक्त 'एक व्हिडिओ' असं लिहून एकच आकडा दिला असेल, तर ते कोटेशन परत पाठवा. त्यात किमान एवढं हवं:

- शूटिंगचे दिवस किती आणि रोजचे तास किती
- किती व्हिडिओ, किती लांबीचे, उभे की आडवे
- स्क्रिप्ट, निवेदकाचा आवाज आणि मराठी सबटायटल्स कोण करणार
- दुरुस्त्या किती वेळा मोफत, त्यापुढे किती पैसे
- प्रवास, जेवण, मुक्काम आणि ड्रोनचा खर्च आत की वेगळा
- जीएसटी धरून रक्कम की वगळून
- पाऊस आला तर पुढची तारीख आणि जादा खर्च कोणाचा
- काम कोणत्या तारखेला मिळणार

किमान तीन कोटेशन्स घ्या आणि ती याच मुद्द्यांवर शेजारी-शेजारी ठेवून बघा. स्वस्त वाटलेलं कोटेशन अनेकदा प्रवास आणि दुरुस्त्या वगळून दिलेलं असतं.

पैसे दिले म्हणजे व्हिडिओ आपला?

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन सांगून करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक ती करून घेणारा असतो. पण उलट करार झालेला नसेल तरच. म्हणून सही करण्याआधी अटींमध्ये 'हक्क कंपनीकडे राहतील' असं वाक्य आहे का, ते बघा.

कच्चं फुटेज हा वेगळा मुद्दा आहे. कंपन्या सहसा फक्त तयार व्हिडिओ देतात आणि बाकी फुटेज काही काळाने पुसून टाकतात. द्राक्षाच्या हंगामाचं फुटेज वर्षभर वेगवेगळ्या रील्ससाठी वापरता येतं. ते हार्ड डिस्कवर मिळेल, असं आधीच लिहून घ्या.

गाणं कोणतं वापरणार?

सिनेमातलं लोकप्रिय गाणं जाहिरातीत वापरायला हक्कदारांचा परवाना लागतो. परवाना नसेल तर इन्स्टाग्राम आवाज बंद करू शकतं आणि यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. कंपनीने वापरलेल्या संगीताचा व्यावसायिक परवाना तुमच्याकडेही द्यावा, अशी अट घाला.

ड्रोन उडवायचा असेल तर

ड्रोन नियम, 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा 'मायक्रो' धरला जातो. व्यावसायिक कामासाठी मायक्रो ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. ते आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक दोन्ही बघायला मागा. आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते, ते सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर कळतं.

जुन्नर तालुक्यात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. शिवनेरी हे संरक्षित स्मारक असल्याने तिथल्या व्यावसायिक शूटिंगला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण अवकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत टिपते आणि ड्रोन रेडिओ लहरींवरच चालतो. तिच्या आसपास ड्रोन उडवण्याआधी तिथल्या प्रशासनाला विचारा.

व्हिडिओतले दावे कोण तपासणार?

बोरीच्या नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आहेत. ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते, पण ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची आणि किती जुनी, यावर संशोधकांमध्ये वाद झाले आहेत. पर्यटनाच्या व्हिडिओत ही माहिती जरूर घ्यावी, मात्र एकच आकडा ठासून सांगू नये. चांगली कंपनी अशा वाक्याशी थांबते आणि 'हे कुठून घेतलं?' असं विचारते.

मालाबद्दलच्या दाव्यांना तर कायदाच लागू होतो. प्रमाणपत्र नसताना 'सेंद्रिय' म्हणून माल विकणं अडचणीचं ठरू शकतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसंच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे कधी द्यायचे?

सगळी रक्कम आधी देऊ नका. सुरुवातीला काही, शूटिंग झाल्यावर काही आणि अंतिम फाइल्स हातात आल्यावर उरलेली, असे टप्पे ठरवा. तोंडी ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि कंपनीकडून 'मान्य' असं उत्तर घ्या. शूटिंगच्या आधी कंपनीच्या माणसाला एकदा बागेत बोलावून जागा दाखवा. वीज कुठे आहे, सकाळचं ऊन कुठून येतं, गाडी कुठपर्यंत जाते, हे त्याने स्वतःहून विचारलं तर ती तयारीची चांगली खूण समजा.