एका सुईवर पाच कामं

खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचा जो छोटा चमचा मिळतो, तो पाच मिलिलिटरचा असतो. आज ज्या इंजिनाबद्दल लिहितोय त्याचा अख्खा सिलिंडर त्या चमच्यापेक्षा लहान आहे, साडेतीन सीसी. १/८ स्केलच्या ऑफ-रोड रिमोट कंट्रोल बगीत हे इंजिन बसतं आणि मिनिटाला पस्तीस हजारांच्या आसपास फेरे मारतं. ताकद किती? कंपन्या दोन-अडीच हॉर्सपॉवर सांगतात. कंपन्यांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे मायलेजच्या जाहिराती वाचून तुम्हाला माहीत आहेच, पण अर्धा आकडा खरा धरला तरी सीसीमागे ही ताकद आरएक्स-१०० च्या तिप्पट होते.

मला या इंजिनात रस वाटतो तो मात्र वेगळ्या कारणाने. त्यात स्पार्क नाही, ऑइल पंप नाही, कूलंट नाही, सेन्सर नाही, ईसीयू नाही. कार्बोरेटरवर पितळेची एक सुई आहे (खरं तर दोन, दुसरीबद्दल पुढे). ती स्क्रूड्रायव्हरने जराशी फिरवली की पाच वेगवेगळ्या गोष्टी एकदम बदलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक ग्लोबल व्हेरिएबल आणि ते वाचणारी पाच मॉड्यूल्स. कोड रिव्ह्यूमध्ये असं काही दिसलं तर आपण लिहिणाऱ्याला चहाला बाहेर नेऊन प्रेमाने समजावू. पण इथे लिहिणारा एक नाही. प्रत्येकाने आपापल्या काळात, आपापल्या अडचणीवर उपाय शोधला, आणि दरवेळी एक काम त्या सुईच्या गळ्यात पडलं.

सुरुवात होते कोळशाच्या खाणीत. सर हम्फ्री डेव्ही खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवत होते. १८१७ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनमची गरम तार ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्वाळा नसतानाही ती लाल राहते. प्लॅटिनम स्वतः जळत नाही, पृष्ठभागावर वायूचं ज्वलन घडवून आणतं आणि त्या उष्णतेने तापलेलं राहतं. कॅटॅलिसिस हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता.

आता एकशेतीस वर्षांची उडी मारू. १९३० च्या दशकात अमेरिकेत मॉडेल विमानांना पेट्रोल इंजिनं बसू लागली होती. ब्राउन ज्युनियर हे त्यातलं गाजलेलं नाव. पण स्पार्क म्हटला की कॉइल आली, कंडेन्सर आला, पॉइंट्स आले, बॅटरी आली. हा सगळा संसार हवेत उचलायचा म्हणजे लग्नाला नवरदेवापेक्षा वऱ्हाड जड. १९४७ मध्ये रे आर्डन यांनी प्लॅटिनमयुक्त तारेची छोटी गुंडाळी असलेला ग्लो प्लग बाजारात आणला. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून तार तापवायची, इंजिनाने पकड घेतली की बॅटरी काढून टाकायची. पुढे तार स्वतःच लाल राहते, डेव्हींच्या दिव्यासारखी. कॉइल, पॉइंट्स, सगळं कचऱ्यात. एका फटक्यात एवढं हार्डवेअर डिलीट करणारा बदल मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. एक म्हणजे ही क्रिया पेट्रोलवर चालत नाही, मिथेनॉल लागतं. दुसरी जास्त महाग. स्पार्क असतो तेव्हा पेट कधी घ्यायचा हे पॉइंट्स ठरवतात. ग्लो प्लगमध्ये ते कोणीच ठरवत नाही. तार किती गरम आहे, दाब किती आहे, मिश्रण कसं आहे यावर ते ठरतं. इंधन कमी केलं (लीन) की तार तापते आणि पेट लवकर घेतला जातो, वाढवलं (रिच) की उशिरा. म्हणजे मिश्रणाची सुई आता टायमिंगही ठरवू लागली. कामं दोन झाली.

तिसरं आणि चौथं काम इंधनाबरोबरच आलं. टू-स्ट्रोक असल्यामुळे वंगण इंधनात मिसळलेलं. पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये टूटी ऑइल टाकून घेतलेल्यांना हे सांगायला नको. इथे ते तेल बऱ्याचदा एरंडेल असतं! निदान काही भाग तरी. लहानपणी आजीने चमच्याने पाजलेलं तेच, आणि जगातलं सर्वाधिक एरंड पिकतं ते आपल्या शेजारी गुजरातेत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही हेच होतं. कॅस्ट्रॉल या नावातलं ‘कॅस्टर’ तिथलंच. एरंडेलाचा गुण असा की खूप तापलं तरी ते धातूला सोडत नाही. शिवाय मिथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषतं, म्हणजे इंधन हाच कूलंट. सुई लीन केली की तेल कमी जातं आणि थंडावाही, दोन्ही नेमके तेव्हा जेव्हा इंजिन सर्वात जास्त तापलेलं असतं.

नायट्रोची गोष्ट आणखी रंजक आहे. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच आहे. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या जेमतेम पाव. पण सिलिंडरमध्ये टंचाई असते ती हवेची, आणि तेवढ्याच हवेत आठपटींहून जास्त नायट्रो जाळता येतं. आठ गुणिले पाव, म्हणजे दुप्पट. दोरीला बांधून गोल पळवायच्या मॉडेल रेसिंग गाड्या १९४० च्या दशकात अमेरिकेत जोरात होत्या, आणि लॉस एंजेलिसचे डूलिंग बंधू त्यातले उस्ताद. जुन्या हॉट-रॉडवाल्यांच्या आठवणींत असं येतं की व्हिक एडेलब्रॉक यांच्यापर्यंत नायट्रोची कुणकुण या डूलिंग बंधूंमार्फत पोचली. तसं असेल तर ड्रॅग रेसिंगचं ते राक्षसी इंधन खेळण्यातून मोठ्या गाडीत गेलं, उलट नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत नायट्रोमिथेनने भरलेले रेल्वेचे टँकर दोन ठिकाणी फुटले, तेव्हा हे नुसतं इंधन नव्हे हे सगळ्यांना कळलं. हा धागा लक्षात ठेवा.

पाचवं काम ज्याच्यामुळे आलं त्या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पूर्व जर्मनीत त्शोपाऊ नावाचं गाव आहे. युद्धाआधी तिथे डीकेडब्ल्यूचा कारखाना होता. आडोल्फ श्न्यूर्ले यांनी शोधलेली, ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये वळसा घेत आत येईल अशी पोर्टची रचना डीकेडब्ल्यूने मोटरसायकलवर आणली. आजच्या नायट्रो इंजिनातले पोर्टही त्याच वंशातले. युद्धानंतर कारखाना सरकारी झाला आणि पुढे एमझेड म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथे वाल्टर काडेन आले, युद्धकाळात पेनेम्युंडेला क्षेपणास्त्रांवर काम केलेले इंजिनियर. पैसा नाही, चांगला धातू नाही. होता एक ऑसिलोस्कोप आणि भरपूर चिकाटी. सायलेन्सरच्या पाइपमध्ये दाबाच्या लाटा पुढेमागे धावतात हे त्यांनी मोजलं आणि पाइपला असा आकार दिला की परत येणारी लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण बरोब्बर वेळेवर आत ढकलेल. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठली, म्हणजे लिटरला दोनशे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियान्स्टाटच्या शर्यतीत एमझेडचे स्वार अर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते. इंजिन बंद पडलं आणि डेग्नर घरी परतलेच नाहीत. त्याच सुमारास त्यांच्या बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेला आणलं गेलं. डेग्नर सुझुकीकडे गेले, डोक्यात (आणि बऱ्याच जणांच्या मते सामानातही) काडेन यांची विद्या घेऊन. १९६२ मध्ये सुझुकीला ५० सीसी गटात पहिलं विश्वविजेतेपद मिळालं. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना सुझुकाच्या ट्रॅकवरचा ‘डेग्नर कर्व्ह’ माहीत असेल, तो याच माणसाच्या नावाने. १९६३ मध्ये याच ट्रॅकवर ते भयंकर भाजले. काडेन त्शोपाऊतच राहिले. एमझेडला विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही, आणि जपानी टू-स्ट्रोकच्या प्रत्येक फुगीर सायलेन्सरमध्ये त्यांचं गणित जगभर फिरत राहिलं. आरएक्स-१०० च्याही.

१९६० च्या दशकातच हा ट्यून्ड पाइप मॉडेल इंजिनावर आला. त्याबाबत अमेरिकेतल्या के अँड बी कंपनीच्या बिल विस्नेव्स्की यांचं नाव घेतात. वर जरा निमुळती, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह आणि आत रिंग नसलेला अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ही एबीसी रचनाही त्यांच्याच नावावर सांगतात. थंड असताना पिस्टन वर अडकतो, तापल्यावर बरोबर बसतो.

पाइपचा ढोबळ हिशोब करून बघा. ३५ हजार आरपीएमला एक फेरा १.७ मिलिसेकंदाचा. लाटेला जाऊन यायला त्यातले सुमारे ०.७ मिलिसेकंद मिळतात. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग साडेपाचशे मीटर धरला तर पाइप जेमतेम वीस सेंटिमीटर. पण हा वेग वायूच्या तापमानावर अवलंबून! सुई रिच केली की धूर थंड, लाट उशिरा, पाइपचा मेळ खालच्या आरपीएमला. झालं पाचवं काम.

गाड्यांना हे सगळं विमानांकडून आयतं मिळालं, फक्त पंख्याचा वारा मिळाला नाही. म्हणून डोक्यावर ते भलंमोठं पंखेदार हीटसिंक. ऑफ-रोडच्या १/८ गटाची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलला झाली. मातीच्या ट्रॅकने इंजिनाची निवडही बदलली. नवखा माणूस सर्वात जास्त आरपीएमवालं इंजिन घेतो. ते डांबरी ट्रॅकला ठीक. मातीत वळणातून निघताना आणि उडीच्या आधी दोन मीटरमध्ये जोर लागतो, म्हणून ट्रान्स्फर पोर्ट थोडे, तीन ते पाच, आणि कार्बोरेटरचा घसा अरुंद. नियमाने टाकी १२५ सीसीची. तासाभराची फायनल असेल आणि तुमचं इंजिन आठऐवजी दहा मिनिटं चालत असेल तर सातऐवजी पाच पिट स्टॉप. दोन वाचलेले थांबे कुठल्याही जास्तीच्या पोर्टपेक्षा मोलाचे.

सेटिंगचा क्रम यातूनच येतो. इंजिन आधी पुरतं तापवायचं, थंड एबीसीवरचं कुठलंही सेटिंग खोटं. मग हाय-स्पीड सुई, कारण लो-स्पीड सुईकडे जाणारं इंधनही तिच्यातूनच येतं. एका वेळी एक अष्टमांश फेरा, मग दोन-तीन लॅप, मग पुन्हा. सरळ रस्त्यावर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. हेडचं तापमान साधारण १०० ते १२० अंश, पण या आकड्याच्या आहारी जाऊ नका, तो हवामानाप्रमाणे हलतो. दुसऱ्या सुईसाठी आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबायची. दोन-चार सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर छान. लगेच मेलं तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच. चांगले ट्यूनर मीटर नंतर बघतात, आधी कान लावतात, आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकसारखेच.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी स्वस्त झाल्या आणि बरेच जण तिकडे गेले. मला त्यात दोष दिसत नाही. रविवारचे दोन तास मिळणाऱ्याने ते सुई फिरवण्यात का घालवावेत? (मी घालवीन, तो भाग वेगळा.) नायट्रोवर खरा घाव घातला तो त्या १९५८ च्या धाग्याने. नायट्रोमिथेनपासून स्फोटकं बनतात, म्हणून युरोपीय संघात फेब्रुवारी २०२१ पासून परवान्याशिवाय सामान्य माणसाला १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोचं इंधन घेता येत नाही. ऑफ-रोडमध्ये २५ टक्के हा रोजचा आकडा होता. नायट्रो कमी झालं की पेट उशिरा घेतला जातो. तेव्हा हेडखालची एक पातळ शिम काढून दाब वाढवायचा, एक नंबर गरम प्लग लावायचा, आणि मग पाचही कामं पुन्हा जुळेपर्यंत तीच सुई, एक अष्टमांश फेरा आत.