मानापमान, संगीत
कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे गाजलेले संगीत नाटक. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १९११ मध्ये रंगभूमीवर आणले. श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते. मानी धैर्यधरही तिच्याकडे पाठ फिरवतो. पुढे वनमाला या साध्या मुलीच्या वेषात ती त्याच्या सहवासात येते, त्याचा पराक्रम पाहते आणि तिरस्काराची जागा अनुराग घेतो. या मनःपरिवर्तनाला पदांनी उत्कट रूप दिले. गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी, दादरा, कजरी या पूरब अंगाच्या चाली योजल्याने नाट्यपदांत नवे लाघव आले. बालगंधर्वांची भामिनी अविस्मरणीय ठरली. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये त्यांच्यासमोर केशवराव भोसले धैर्यधर होते.