दफन का करतात?



आपली कळंबोली सिडकोने वसवलेली. कोणी साताऱ्याहून आले, कोणी नगरहून, कोणी केरळातून, आणि सगळे एकाच जिन्यावर शेजारी झालो. शेजारच्या ख्रिस्ती घरात मयत झाली की आपण जातो, चहापाण्याचे बघतो. परत येताना मात्र हळूच एकमेकींना विचारतो, "यांच्यात दहन का करत नाहीत?" त्या घरात असे विचारायची ती वेळ नसते. म्हणून या प्रश्नामागचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी देह म्हणजे जुने वस्त्र. आत्मा ते टाकतो आणि दुसरे घेतो. ख्रिस्ती श्रद्धा वेगळी आहे. माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. शेवटच्या काळी ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल आणि मग मरण उरणारच नाही. उठणार तो नुसता आत्मा नव्हे, देहासकट माणूस. हेच पुनरुत्थान, आणि त्यापुढचे ते सार्वकालिक जीवन.

ही आशा मुळात यहुदी लोकांची. आपल्या पनवेलमध्ये बेने इस्राएल मंडळींचे बेथ एल सिनेगॉग 1849 पासून आहे. त्यांच्या धर्मग्रंथांतल्या दानिएलाच्या पुस्तकात मातीत झोपलेले जागे होतील, हा विचार येतो. येशूच्या काळी यावर वादही होता. परुशी लोक पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

येशू उठला, ही बातमी पहिल्यांदा कोणी आणली? बायकांनी. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी मग्दालिया मरिया आहे. त्या काळी न्यायसभेत बाईच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. लूक तर लिहितो की शिष्यांना बायकांचे बोलणे बाष्कळ वाटले. तरीही पुढच्या सगळ्या श्रद्धेचा पाया त्याच बोलण्यावर उभा राहिला.

मग प्रश्न आला, कुजलेला देह उठणार कसा? पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शेतकऱ्याला कळेल असे उत्तर दिले. आपण पेरतो तो दाणा, आणि उगवते ते रोप. दाणा मातीत गेल्याशिवाय रोप येत नाही, आणि रोप दाण्यासारखे दिसतही नाही. त्या काळी रोममध्ये दहनाचीच रीत जास्त होती. ख्रिस्ती लोकांनी मात्र यहुदी रीतीप्रमाणे दफन चालू ठेवले आणि त्या जागेला झोपण्याची जागा म्हटले. आजही मराठी ख्रिस्ती घरांत "प्रभूमध्ये झोपी गेले" असे म्हणतात, ते यातूनच.

जाळले तर देवाला उठवता येणार नाही, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारलेल्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली. आता बघू कसे उठतात, असा मारणाऱ्यांचा हिशेब होता. ख्रिस्ती मंडळींची आशा त्या राखेबरोबर वाहून गेली नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राख काय आणि माती काय, असे त्यांचे म्हणणे.

हा विचार मराठीत फार आधी आला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओव्यांत लिहिलेले 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले. त्यात येशूच्या पुनरुत्थानाची कथा आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवले. त्या कामात असतानाच, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक? ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडायला नको, हा त्यांचा आग्रह. 9 मे 1919 ला ते मुंबईत वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेल्या. पुनरुत्थानावरची श्रद्धा तीच, रीत तेवढी वेगळी. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला मनाई केली होती. ती 1963 मध्ये सैल केली, पण पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन करू नये, ही अट ठेवली. 2016 मध्ये आणखी सांगितले की राख उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. शहरात कबरीला जागा मिळणे अवघड होत चालले आहे, तेव्हा हा प्रश्न पुष्कळ घरांत येणार आहे. आई-वडिलांना कुठे ठेवायचे, यावरून भावंडांत बोलाचाली होतात. अशा वेळी एवढा इतिहास ठाऊक असलेला बरा. आशा कबरीच्या दगडावर अवलंबून नाही. पण गेलेल्या माणसाचा देह सांभाळून, नाव घेऊन, मानाने ठेवावा, हे त्या आशेतूनच येते.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी शेजारणीबरोबर दफनभूमीत गेलात आणि तिने मूठभर माती टाकली, तर ती नुसता निरोप देत नाही, हे ध्यानात असू द्या. तिच्या मनात ती पेरणी आहे.